अंगठ्याचा खळगा

मापाचा निमुळता पोलादी पत्रा जाळ्याच्या डोळ्यात अर्ध्यावरच अडकला. मॅडमनी तो काढला, जाळं हातभर पुढे सरकवलं आणि दुसऱ्या डोळ्यात घातला. तिथेही अडकला.

"जरा ताणून धरा," त्या म्हणाल्या.

काकीच्या मुलाने एका बाजूने आणि सुनेने दुसऱ्या बाजूने जाळं ताणलं. हात थरथरायला लागेपर्यंत ताणलं. पत्रा खुणेच्या अलीकडेच थांबला. तांदळाचा एक दाणा उभा बसेल, एवढंच अंतर राहिलं होतं.

"हे बाजूला ठेवा," मॅडम म्हणाल्या. "दुसरं बघू."

दुसरं झालं, तिसरं झालं. मासेमार सोसायटीच्या शेडमध्ये तेवीस होड्यांची तेवीस नवीन जाळी एकावर एक रचलेली होती. अकरा बायकांनी सहा महिने कंबरडं मोडेस्तोवर बसून ती विणली होती. मत्स्य खात्याच्या या निरीक्षक मॅडम वयाने काकीच्या सुनेएवढ्या, नोकरीत नव्या. त्यांनी प्रत्येक जाळ्याचे वीस-वीस डोळे तपासले. सुरुवातीला शेडमध्ये थट्टामस्करी चालली होती, कुणीतरी मॅडमना 'पत्र्याला तूप लावा' म्हणूनही सुचवलं होतं. नवव्या जाळ्यानंतर कुणी बोलेना. दुपार उलटली तेव्हा तेविसावं जाळं बाजूला पडलं होतं आणि शिक्का मारायची शाईची डबी उघडलीच नव्हती.

काकी भिंतीला टेकून बसली होती. तेवीस जाळी विणली अकरा जणींनी, पण माप तिचं होतं.

सोमवारी बंदी उठणार होती. माशांच्या विणीचे दोन महिने तलावावर होडी घालायची नाही, हा नियम जुनाच. नवीन नियम जाळ्याचा होता. लहान मासा सुटून जावा, वाढावा, एकदा तरी वीण करावी आणि मगच सापडावा, म्हणून सरकारने डोळ्याचं माप ठरवून दिलं होतं. सूत सरकारने दिलं. वर असंही ठरवलं की सरकारी दवाखान्याचं आणि सात वसतिगृहांचं स्वयंपाकघर वर्षभर फक्त शिक्क्याच्या जाळ्यातला मासा घेईल, ठरल्या भावाने. ज्या काठाची सगळी जाळी आधी पास होतील, त्या काठाला हे काम. पलीकडच्या काठाला पंधरा जाळ्यांचे शिक्के मिळाले होते, बाकीची व्हायची होती. बिनशिक्क्याचं जाळं पाण्यात दिसलं, तर होडीसकट जप्त.

या एका भरवशावर काकीचा मुलगा शहरातल्या बिस्किटाच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी आला होता.

"काकी, तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी तिच्यासमोर उकिडवं बसत विचारलं. "चुकलं कुठे असेल?"

काकीने तोंड उघडायच्या आत चेअरमन पुढे आले. सोसायटीचे चेअरमन बोलायला लागले की समोरच्याच्या चहावर साय धरायची, पण आज त्यांनी थोडक्यात आटपलं.

"चुकलं म्हणजे काय, मॅडम? विणायची पट्टी तुम्ही स्वतः पास केलीत. भर सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आता तुमचा पत्रा बघा एकदा."

मॅडमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

*

चेअरमन म्हणाले ते खोटं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी याच शेडमध्ये सभा भरली, तेव्हा गाव मॅडमच्या अंगावर धावून जायचंच बाकी होतं. तलावातला मासा आटला तो आमच्यामुळे का? वरच्या कारखान्याचं पाणी येतं ते दिसत नाही? पलीकडचे मच्छरदाणी लावून मासे मारतात, त्यांना कोण विचारतं? मॅडम एकेकाला उत्तर द्यायला जात होत्या आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न येत होता. अखेर काकी उठली. काकी सभेत उठली की लोक गप्प बसत, कारण काठावर एकही होडी अशी नव्हती जिच्यात तिच्या हातचं जाळं नाही.

तिने पदराखालून पट्टी काढली. विणताना सूत जिच्यावरून घेऊन गाठ मारायची, ती लाकडी पट्टी. तिच्यावर जाळ्याचा डोळा ठरतो. सासूची पट्टी होती. सासूला ती सासऱ्यांनी करून दिलेली. तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली, दोन्ही टोकांना चौकोनी आणि मध्ये जराशी कमरेत गेलेली. गाठ मारताना अंगठा टेकतो तिथे खळगा होता. सासूच्या अंगठ्याचा खळगा, असं काकी सगळ्यांना सांगायची. नव्याने शिकणाऱ्या पोरींना तिथे अंगठा ठेवायला लावायची.

"बाई, हिला माप लावा," ती म्हणाली होती.

मॅडमनी पट्टीच्या टोकाला फूटपट्टी लावली. बरोब्बर. एका केसाचा फरक नाही.

"बघा," काकी सभेकडे वळून म्हणाली होती. "सरकारला आज सुचलं ते माझ्या सासूला कधीच ठाऊक होतं. आपण काही नवीन करायचं नाही. जे करतो तेच करायचं."

गाव हसलं, आणि तिथेच सगळं मिटलं. सुताराने तिच्या पट्टीवरून हुबेहूब दहा पट्ट्या करून दिल्या. इतक्या हुबेहूब, की मधला खळगासुद्धा त्याने कानशीने घासून बरोबर उतरवला. त्या दिवशी काकी घरी गेली ती हवेत तरंगतच.

*

शुक्रवारचा उरलेला दिवस आणि शनिवारचा अर्धा दिवस गावाने जाळी ताणण्यात घालवला. दुसरं काय करणार? शेडपुढे खांब रोवले, जाळी टांगली, खाली दगड बांधले. कढत पाणी ओतलं. सूत सैल होईल, गाठी सरकतील, तांदळाच्या दाण्याची तर बात आहे. बायका मोठ्या पातेल्यातून पाणी आणत होत्या, पुरुष लोंबकळत होते. चेअरमन स्वतः एका जाळ्याला लोंबकळले. एरवी त्यावर महिनाभर हसू पुरलं असतं.

ओलं असताना डोळा जरा मोठा वाटायचा. वाळला की पुन्हा होता तसा. एका जाळ्याला फारच दगड लागले आणि ते मधोमध टरकन फाटलं. ज्याचं होतं तो माणूस फाटलेल्या जागेकडे बघत उभा राहिला आणि मग तिथेच खाली बसला. त्याच्या बायकोने त्याला उठवलं नाही. तीही शेजारी बसली.

काकी एका जाळ्यापासून दुसऱ्यापर्यंत हिंडत होती आणि प्रत्येक गाठ चाचपत होती. गाठ चुकली असेल, तर एका बाईची चुकेल. अकरा जणींची एकसारखी कशी चुकेल? तिने सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून एकमेकींवर ठेवून पाहिल्या. सगळ्या सारख्या. आपल्या पट्टीवर ठेवल्या. तंतोतंत. तिला रडू येत होतं आणि एवढ्या बायकांपुढे रडायची सोय नव्हती.

"आई, बस जरा," मुलगा म्हणाला. त्याच्या तळव्यांना दोराचे वळ उठले होते.

"कारखान्यात परत घेतील का तुला?" तिने विचारलं.

"माझ्या जागी दुसरा घेतलाय."

"विचारून तर बघ."

"विचारलं," तो म्हणाला. "कालच विचारलं."

दुपारी चेअरमन काकीच्या घरी अर्ज घेऊन आले. टाइप करून आणलेला, खाली काकीच्या सहीसाठी मोकळी जागा ठेवलेली. ते पायरीवर बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खात्याच्या मोठ्या साहेबांशी बोलणं झालंय. उद्या सकाळी स्वतः येतायत. त्यांनाही वर कळवायचंय की दोन्ही काठ सुधारले म्हणून. आपलं जाळं नापास झालं तर त्यांचीही मान खाली जाते. फक्त काहीतरी कारण हवं. माप सदोष होतं, असं निघालं तर या हंगामापुरती सूट देतो म्हणाले. तेवीसच्या तेवीस जाळी सोमवारी पाण्यात."

"आणि माप सदोष नसलं तर?"

"ते कोण ठरवणार? तुम्ही एवढंच लिहून द्यायचं की पट्टी मॅडमनी तपासून पास केली, आम्ही त्याच पट्टीने विणलं, आणि आता त्याच मॅडम नापास करतायत. यात खोटं काय आहे?"

काकीने अर्ज दोनदा वाचला. खरोखरच खोटं काही नव्हतं.

"त्या पोरीचं काय होईल?"

चेअरमननी कपाळाला आठ्या घातल्या. "नोकरी कच्ची आहे अजून त्यांची. होईल बदली, नाहीतर घरी बसतील. काकी, इथे तेवीस चुली आहेत. तुमचीही त्यातलीच."

"राहू दे इथे," काकी म्हणाली. "करते सही."

*

सही करायला तिने चष्मा शोधला. चष्मा सापडला, पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा परसातून सुनेची हाक आली.

"आई, पुन्हा बाहेर आली पिल्लं. या मेल्यांना घरात करमतच नाही."

खुराड्यापुढच्या मोकळ्या जागेवर जाळं टाकलेलं होतं, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबलेलं. घारीपासून राखण. आठ दिवसांची नऊ पिल्लं होती आणि त्यांतली पाच बाहेर वाफ्यात चरत होती. सून एकेक पकडून आत टाकत होती आणि काकी डाव्या बाजूने आली, तिने दोन धरली. हे रोजचंच होतं. त्या डाव्या बाजूला सुनेने किती वेळा पोती लावली आणि किती वेळा ती वाऱ्याने उडाली, याची गणती नव्हती.

"इकडून जात नाहीत बघा," सून दुसऱ्या कोपऱ्याशी वाकून म्हणाली. "हा तुम्ही जोडलेला तुकडा आहे ना, इथे नुसती धडका मारतात. जातात ती सगळी आजींच्या बाजूने."

"सासूबाईंचा हातच सैल होता," काकी नेहमीप्रमाणे म्हणाली.

हे वाक्य ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती. लग्न होऊन ती या घरात आली, त्या वर्षी सासूने विणलेलं हे जाळं. पुढे ते होडीतून उतरलं आणि कोंबड्यांवर आलं. तीन वर्षांपूर्वी एक कोपरा कुत्र्याने फाडला, तेव्हा तिथे काकीने आपल्या हातचा तुकडा जोडला होता. एकाच पट्टीवरचं दोघींचं काम, एकाला एक लागून.

हातातलं पिल्लू तिने आत सोडलं. ते सरळ तुरुतुरु डावीकडे गेलं, डोकं घातलं, अंग आखडलं आणि बाहेर आलं. तिने ते उचललं. या वेळी आपल्या तुकड्यापाशी आणून त्याचं डोकं एका डोळ्यात घातलं. मान गेली. पंखांपाशी अडकलं आणि चिवचिवाट करायला लागलं.

"काय करताय आई? मरेल ते," सून म्हणाली.

सासूचा हात सैल नव्हता. काकीला ते चांगलं ठाऊक होतं. सासूने मारलेली गाठ दाताने सुटायची नाही. पहिल्या वर्षी तिने काकीची जाळी नऊ वेळा उसवायला लावली होती, सैल आहे म्हणून. मग हे 'सैल हात' कुठून आलं? कुणी म्हटलं पहिल्यांदा? तीच म्हणाली असणार.

तिने पदराखालून पट्टी काढली आणि सासूच्या जाळ्यातल्या एका डोळ्याच्या बाजूला लावली, गाठीपासून गाठीपर्यंत. टोकाशी पट्टी बरोब्बर बसली. मग तिने ती सरकवली, मधोमध आणली. आता गाठ आणि लाकूड यांच्यामध्ये उजेड दिसत होता. बारीकसा. दोन्ही बाजूंचा मिळून तांदळाच्या अर्ध्या दाण्याइतका. ताणलेल्या डोळ्यात अशा दोन बाजू येतात, म्हणजे तो दुप्पट होणार.

ती पट्टी घेऊन आपल्या तुकड्यापाशी गेली. तिथे मधला भाग बरोब्बर बसला.

विणताना सूत टोकावरून जात नाही. मधून जातं, अंगठ्याजवळून, आणि गाठ आवळताना तिथेच करकचून घासतं. एका जाळ्याला हजारो वेळा. सासूच्या हातून बारा वर्षं आणि आपल्या हातून चाळीस. काकीने खळग्यात अंगठा ठेवला. तो अंगठ्याचा खळगा नव्हताच, सुताने झिजवलेला होता. टोकं तेवढी होती तशी राहिली होती, आणि सभेत मॅडमनी मापलं होतं ते टोक.

ती खुराड्याच्या दगडावर बसली.

पहिल्या वर्षी नवऱ्याने आणलेला मासा परातीत मावायचा नाही, शेपूट बाहेर लोंबायची आणि सासू म्हणायची, आधी शेपूट तोडा म्हणजे दार लागेल. आता एका परातीत आठ मावत. काठावरच्या प्रत्येक माणसाने कारखान्याला शिव्या दिल्या, पलीकडच्यांना दिल्या, सरकारला दिल्या. काकीने सर्वांत मोठ्या आवाजात दिल्या. आणि तिकडे दर वर्षी तिच्याच हातून डोळा केसभर बारीक होत होता. दर वर्षी थोडा अधिक लहान मासा होडीत येत होता, आणि काठावरची सगळी जाळी तिचीच होती. कारखान्याचं पाणीही खरं असेल. पण हेही खरं होतं, आणि हे तिचं होतं. तिला इतकी लाज वाटली की तिने पदर डोळ्यांवर घेतला.

"आई?" सून जवळ आली. "बरं वाटत नाही का?"

"तो अर्ज कुठे ठेवलास?"

"तिथेच आहे, खिडकीत. सही करताय ना? हे दोनदा विचारून गेले."

"करते," काकी म्हणाली.

संध्याकाळी मुलाने पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, सकाळी करते. सही केली तर काही बिघडत नव्हतं. पट्टी कायमची चुलीत घालायची. पुढच्या वर्षी नव्या पट्टीने विणायचं. कुणाला कळणारही नाही. एक हंगाम. मुलगा घरी राहील. त्याच्या तळव्यांना सून तेल लावत होती आणि तो डोळे मिटून बसला होता. काकीने त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. तेव्हा बघणं परवडण्यासारखं नव्हतं.

*

रविवारी सकाळी तिने खुराड्यावरचं जाळं सोडवलं. दगड एकेक करून बाजूला केले, पिसं आणि विष्ठा झटकली, घडी घालून गोणपाटात गुंडाळलं. मागे वळली तर सून दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पिल्लं टोपलीखाली घालते," सून म्हणाली. आणि आत जाऊन टोपली घेऊन आली.

शेडमध्ये मोठे साहेब टेबलापाशी बसले होते. थकलेल्या चेहऱ्याचा, सभ्य माणूस. शेजारी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी आपला पत्रा, फूटपट्टी, वही, सगळं टेबलावर नीट मांडून ठेवलं होतं, जणू काही सामान परत करायलाच आणलं आहे. गाव दाटीवाटीने उभं होतं. मुलगा पुढेच होता.

"या आजी," मोठे साहेब म्हणाले. "बसा. वाद काही मोठा नाही. पट्टी मॅडमनी तपासली होती?"

"हो."

"आणि बरोबर भरली होती?"

"हो."

"झालं तर," चेअरमन म्हणाले. "काकी, अर्ज द्या साहेबांना."

काकीने अर्ज टेबलावर ठेवला. सहीची जागा रिकामी होती. मग तिने गोणपाट उलगडलं आणि जाळं टेबलावर पसरलं. शेडमध्ये कोंबड्यांचा वास पसरला. मोठ्या साहेबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"अहो काकी, हे काय खुराड्याचं घेऊन आलात?" चेअरमन हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"सासूबाईंचं आहे," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हाचं. बाई, पत्रा घाला यात."

मॅडमनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पत्रा डोळ्यात गेला, खुणेपर्यंत गेला, खुणेच्या पुढे गेला. कुणी जाळं ताणून धरलं नव्हतं. मॅडमनी दुसरा डोळा घेतला, मग तिसरा. मग त्या थांबल्या.

"पत्रा चांगला आहे," काकी म्हणाली आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. "आता ही मापा. टोकाला नको. मध्ये मापा. सूत मधून जातं."

मॅडमनी फूटपट्टी लावली. ती जरा सरकवून पुन्हा लावली, पुन्हा वाचली. आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला नाही. पट्टी आणि फूटपट्टी तशीच धरून साहेबांपुढे केली.

शेडमध्ये आधी कुणाला काही कळलं नाही. मग सुताराला कळलं. त्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंडावर धरलं. त्याच्याकडून ते एकेकापर्यंत गेलं, आणि ज्याच्यापर्यंत गेलं तो काकीकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघायला लागला.

"काकी," चेअरमन अगदी हळू म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. "तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"एक सही करायची होती."

"माझ्या हातून चुकायचं ते चाळीस वर्षं चुकलं, चेअरमन. आता आणखी एक वर्ष कशाला?"

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. सूट देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कठोर नव्हता. काम पलीकडच्या काठाला जाईल. नवीन पट्ट्या खात्याकडून मिळतील, पोलादी. सूत पुन्हा मागवावं लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. लोक निघाले. जाताना कुणी काकीला बोल लावला नाही, आणि कुणी तिच्याजवळ थांबलंही नाही. जिचं जाळं ताणताना फाटलं होतं, ती बाई तेवढी दारात क्षणभर रेंगाळली. मग तीही गेली.

मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या आणि लिहिलेलं पुन्हा खोडत होत्या. "काकी, हे जुनं जाळं मला नमुना म्हणून ठेवावं लागेल," त्या वर न बघता म्हणाल्या. "थोडे दिवस. परत करीन मी. स्वतः आणून देईन."

"ठेवा."

मुलगा अजून तिथेच उभा होता. काकीला वाटलं, हा आता बोलेल आणि जे बोलेल ते आपल्याला जन्मभर पुरेल. तिने खुर्चीची पाठ धरली.

"मग कोंबड्यांवर काय टाकायचं?" त्याने विचारलं.

काकीने भिंतीशी रचलेल्या जाळ्यांकडे पाहिलं. नवीकोरी, तलाव न पाहिलेली.

"बिनशिक्क्याचं जमिनीवर चालतं ना, बाई?" तिने विचारलं.

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

"आपलं घे," काकी मुलाला म्हणाली. "त्यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही."

तो ढिगापाशी वाकला, कडेला लाल सुताची खूण असलेलं त्यांचं जाळं त्याने शोधून काढलं आणि खांद्यावर घेतलं. एक टोक सुटून खाली लोंबलं. शिशाचे मणी फरशीवरून खडखडत त्याच्यामागे दाराबाहेर गेले, आणि काकी ते टोक उचलायला वाकली.